डब्याला न पटलेला उन्हाळा

नागपूर, २१ फेब्रुवारी १९८८

चि. जागेश्वर,

आशीर्वाद. विमानाने पाठवते आहे, म्हणजे पोचेपर्यंत शिळे व्हायचे नाहीत.

तुझं पत्र मिळालं. पहिल्या ओळीत माझी खुशाली विचारलीस आणि उरलेल्या दीड पानात गाडीची. बहिणीला एक ओळ तरी मिळाली, हेही कमी नाही. तेव्हा आधी गाडीचंच सांगते.

गाडी सुखात आहे. तू 'आता कायमचा आलो' म्हणून जर्मनीहून ती जहाजाने आणलीस, आठ महिन्यांत तुझं कायमचं संपलं, तू परत कासेलला गेलास आणि ती आमच्या पोर्चमध्ये राहिली. तेव्हापासून या घरात तिच्याइतका मान कोणालाच नाही. दर रविवारी हे तिला आंघोळ घालतात. माझ्या लग्नातली सोलापुरी चादर तिच्या अंगावर असते. आंघोळ झाली की हे आत जाऊन बसतात, काचा वर करतात आणि रेडिओ ऐकतात. सासूबाई विचारतात, बबन कुठे गेला? मी सांगते, फिरायला गेले. पोर्चमध्ये.

बसतात अजून उजवीकडेच. तुझ्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे, हे नागपुरात कोणाला माहीत? मी चालवायची तेव्हा रस्त्यावरचे लोक ह्यांनाच ड्रायव्हर समजून शिव्या द्यायचे आणि हे त्या मालकाच्या रुबाबात घ्यायचे.

'चालवायची' असं लिहिलं आहे, ते नीट वाच. मी आता गाडी चालवत नाही. खापरखेड्याला शाळेत पूर्वीसारखी एस.टी.ने जाते. पाय मोकळे होतात, कारण बसायला जागा मिळत नाही. माझ्यासोबत गाडीतून यायच्या त्या शाळेतल्या दोघी शिक्षिकासुद्धा आता माझ्याचसोबत उभ्या असतात. मैत्री टिकून आहे.

ह्यांच्या सिंचन ऑफिसात सगळं ठीक. सासूबाई ठीक. मीही ठीक आहे, तुझ्या त्या एका ओळीचं उत्तर.

यमुताई


कासेल, ६ मार्च १९८८

प्रिय यमुताई,

नमस्कार. पाय इथूनच धरतो, तू झटकले तरी मला लागणार नाही.

तू गाडी चालवत नाहीस? तुला शिकवताना फुटाळा तलावाच्या रस्त्यावर मी भीतीने माझ्या आयुष्यातली दहा वर्षं घालवली होती. ती फुकट गेली का?

कामाचं सांगतो. गाडीच्या डॅशबोर्डखाली, भाऊजी बसतात त्या बाजूला, एक ॲल्युमिनियमचा चपटा डबा आहे. इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं आणि ठिणगी कधी टाकायची, हे तो डबा ठरवतो. त्याच्या पोटात एक चिप आहे आणि तिच्यात सगळे हुकूम लिहिलेले आहेत. बाबांच्या हातमागावरचे नक्षीचे भोकं पाडलेले पत्ते आठवतात? पत्ते बदलले की तोच माग, तेच सूत, पण काठ वेगळा. ही चिप म्हणजे ते पत्ते. ही गाडी बनवणाऱ्या आमच्या कंपनीत माझ्या विभागाने त्या हुकमांत थोडी सुधारणा केली आहे. नवी चिप मी पाठवणार आहे. जुनी काढून ती बसवायची, एवढंच. भिण्यासारखं काही नाही.

एक विचारायचं होतं. मागच्या उन्हाळ्यात गाडी कधी चालता चालता आपोआप बंद पडली होती का? सहज विचारतो.

तुझा,
जागेश्वर


नागपूर, २० मार्च १९८८

चि. जागेश्वर,

लहानपणी तू शेजाऱ्यांच्या घरातून येऊन 'त्यांच्या माठाला आधीच भेग होती का, सहज विचारतो' असं म्हणायचास, तेव्हा आई आधी तुझे हात बघायची. मला इथून तुझे हात दिसत नाहीत. म्हणून सरळ विचारते. ज्या गाडीत नुसती सुधारणा करायची आहे, ती उन्हाळ्यात बंद पडली का, हे तुला काहून जाणून घ्यायचं आहे?

आता तू विचारलंच आहेस तर ऐक. हे मी तुला कळवलं नव्हतं. कळवण्यासारखं काही नव्हतं, सगळ्यांच्या मते चूक माझीच होती.

मागच्या मे महिन्यात सासूबाईंना त्यांच्या बहिणीकडे पारशिवनीला घेऊन चाललो होतो. मी चालवत होते, हे शेजारी, सासूबाई मागे. कोराडीच्या पुढे कोळशाच्या लाईनवरचं फाटक लागलेलं होतं. भर दुपार. इंजिन बंद करून आम्ही बराच वेळ भाजत बसलो. मालगाडी गेली, फाटक उघडलं, गाडी सुरू झाली, आम्ही निघालो. थोडं पुढे गेलो आणि इंजिन गचके द्यायला लागलं. पेट्रोलचा वास आला. मी ॲक्सिलरेटर दाबला तर ते जास्तच गुदमरलं आणि मेलं. स्टिअरिंग दगडासारखं झालं. गाडी रस्त्याच्या मधोमध. मागून कोळशाचा ट्रक. त्याने ब्रेक मारला म्हणून तुला आज मी पत्र लिहिते आहे. तरी मागून धक्का बसलाच. सासूबाईंचा हात पुढच्या सीटवर आपटला आणि मनगट मोडलं.

ट्रकवाला उतरला. स्टिअरिंगमागे बाई बघून त्याला एवढा आनंद झाला की सांगू नये. त्याला कारण सापडलं होतं. पण तो परका माणूस, त्याचं काय. हे माझ्याकडे वळून म्हणाले, "क्लच सोडला ना तू?" मी म्हणाले, नाही, गाडी आपोआप बंद पडली. हे म्हणाले, "गाडी आपोआप नाही बंद पडत. माणूस पाडते."

संध्याकाळी मेकॅनिक आला. त्याने चावी फिरवली आणि तुझी ती गुणाची गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. झाला निकाल. त्यानंतर ह्यांचे ऑफिसातले स्नेही गोपाळराव दर रविवारी चहाला येतात, आणि दर रविवारी हे त्यांना ती गोष्ट सांगतात. पहिल्यांदा मी क्लच सोडला होता. दिवाळीपर्यंत मी घाबरून डोळे मिटले होते. आता संक्रांतीनंतर मी किंचाळलेसुद्धा आहे. सासूबाई काही बोलत नाहीत. त्यांचा हात अजून पोळपाटावर नीट चालत नाही, त्यांनी तरी काय बोलावं?

आणि खरं सांगू? आता मलाही आठवत नाही. एवढ्यांदा ऐकलं की वाटतं, सोडला असेल मी क्लच. चावी मीच ह्यांच्या हातात दिली. कोणी मागितली नव्हती.

आता तुझे हात दाखव.

यमुताई


कासेल, ३ एप्रिल १९८८

ताई,

तू क्लच सोडला नव्हतास. हे वाक्य आधी लिहितो, बाकीचं नंतर.

डब्याला हवा किती गरम आहे हे सांगणारा एक सेन्सर असतो. हवा थंड असली की पेट्रोल जास्त, गरम असली की कमी. ज्यांनी हुकूम लिहिले त्यांनी बसून ठरवलं की अमुक एका आकड्यापेक्षा गरम हवा जगात नसतेच. त्याच्यावर आकडा आला तर समजायचं की सेन्सर बिघडला. मग त्याचं काही ऐकायचं नाही आणि बाहेर चांगली थंडी आहे असं धरून पेट्रोल ओतायचं. ज्या खोलीत हे ठरलं त्या खोलीच्या खिडकीबाहेर बर्फ होता, हे मी शपथेवर सांगतो, मी तिथेच शेजारी कॉफी पीत होतो.

तुम्ही फाटकावर थांबलात तेव्हा बॉनेटच्या आतली हवा त्या आकड्याच्या वर गेली. सेन्सर खरं सांगत होता. डब्याला ते पटलं नाही. त्याने कोराडीच्या रस्त्यावर मे महिन्यात हिवाळा धरला आणि इंजिनाला पेट्रोलमध्ये बुडवून मारलं. संध्याकाळी सगळं निवल्यावर ते सुरू होणारच होतं.

जानेवारीत तापवलेल्या खोलीत चाचणी घेताना हे सापडलं. दोष म्हणायचा नाही, सुधारणा म्हणायचं, असा आम्हाला वरून हुकूम आहे, म्हणून मागच्या पत्रात मी शहाण्यासारखं लिहिलं. त्या शहाणपणाची लाज वाटते. तुमच्या अंगावर ट्रक आला होता, हे मला माहीत नव्हतं.

आता नीट वाच. चिप बसेपर्यंत उन्हात गाडी कोणीही चालवायची नाही. रजिस्टर पार्सल वेगळं पाठवतो आहे. चिप तू बसवायचीस, दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नकोस. डब्यावर एक नंबर आहे, तो आणि चिपवरच्या चिठ्ठीचा नंबर आधी ताडून बघ. एका आकड्याचाही फरक असला तर बसवू नकोस, मला लिही. बॅटरीची उणे बाजूची वायर काढून ठेव आणि मगच डबा उघड. नायलॉनची साडी नको. उन्हाळ्यात अंगावर वीज साठते आणि तेवढ्यानेही चिप मरते. हात लावण्याआधी गाडीच्या उघड्या लोखंडाला हात लाव. चिपला गोमेसारखे पाय आहेत आणि एका टोकाला अर्धचंद्रासारखी खाच आहे. तशीच खाच खालच्या बैठकीवरही आहे. खाचेवर खाच आली पाहिजे. उलटी बसवून वीज दिली तर जळते. जुनी चिप फेकू नकोस, लोखंडी डबीत ठेव. नवीने दगा दिला तर परत जुन्यावर येता आलं पाहिजे.

घाई करू नकोस. भाऊजींना हे पत्र वाचून दाखव.

जागेश्वर


नागपूर, १७ एप्रिल १९८८

चि. जागेश्वर,

वाचून दाखवलं. जेवताना दाखवलं, म्हणजे उठून जाता येऊ नये.

आधी माझं. तुझं पहिलं वाक्य मी शाळेच्या स्टाफरूममध्ये वाचलं आणि तिथेच बसून राहिले. घंटा झाली ती ऐकू आली नाही. सातवीच्या पोरींनी विज्ञानाचा तास स्वतःच घेतला आणि बरा घेतला असावा, आरडाओरडा कमी होता.

म्हणजे तुमच्या जर्मन डब्याने जे कधी पाहिलं नाही ते जगात नसतं. सेन्सर बिचारा ओरडून सांगतो आहे, पण तो बिघडला असं धरून चालायचं. मला हा डबा ओळखीचा वाटला. मी त्याच्याशी लग्न केलं आहे.

पत्र वाचून झाल्यावर ह्यांनी भातात वरण कालवलं. मग म्हणाले की कोणती कंपनी आपल्याच मालाला खराब म्हणेल? भाऊ आहे, बहिणीचं मन राखून राहिला. म्हणजे तू कासेलमध्ये बसून माझ्यासाठी संबंध इंजिनाचं शास्त्र रचलंस. तुझी माया एवढी मोठी असेल असा अंदाज मलाही नव्हता.

तेव्हा सासूबाई बोलल्या. भाजी वाढून घेता घेता, मान खालीच. "गाडी पहिले मेली. मंग यमूनं पाय हालवला. मी मांगून पाहून राहिली होती."

हे म्हणाले, मग आई तू वर्षभर काहून नाही सांगितलं?

"मले कोणं विचारलं?"

जागेश्वर, खरंच कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही. मला वाटायचं, मोडक्या हातामुळे त्या माझ्यावर रागावून गप्प आहेत. त्यांना वाटायचं, मुलगा चार माणसांत एक सांगतो आहे तर आईने त्याला खोटं काहून पाडावं? आणि मला तर माहीतच असेल, मीच चालवत होते. एका घरात तीन माणसं, आणि खरं काय ते ज्यांनी पाहिलं त्या दोघी एकमेकींना पोळ्या वाढत होत्या.

रविवारी गोपाळराव आले, पण ह्यांनी गोष्ट सांगितली नाही. हवापाण्यावर बोलले. गोपाळराव लवकर गेले, त्यांना करमलं नाही.

पार्सलची वाट बघते आहे. सुती लुगडं काढून ठेवलं आहे.

यमुताई


गोपनीय

नागपूर, २९ एप्रिल १९८८

प्रति, चि. जागेश्वर यांस,

स.न.वि.वि. आपण पाठविलेले रजिस्टर पार्सल दि. २५ रोजी प्राप्त झाले. सौ. त्या वेळी परीक्षेच्या कामानिमित्त शाळेत असल्याने ते मी स्वीकारले.

आपले पत्र सौ.ने यापूर्वी वाचून दाखविले होतेच. त्यातील तांत्रिक बाबी लक्षात घेता हे काम एका स्त्रीवर सोपविणे योग्य होणार नाही, असे माझे मत झाले. तसेच, मागील वर्षीच्या घटनेबाबत घरात काही गैरसमज उत्पन्न झालेले आहेत. गाडी मी स्वतः दुरुस्त करून सौ.ला अचानक दाखवावी व त्यायोगे विषय संपवावा, असा हेतू होता. हेतू चांगला होता हे कृपया नमूद करून घ्यावे.

सीताबर्डीवरील रेडिओ दुरुस्त करणारे ताराचंद यांना मी घरी बोलावून घेतले. बॅटरीची वायर काढावी असे त्यांचे म्हणणे पडले. परंतु तसे केल्यास रेडिओवर लावून ठेवलेली स्टेशने पुसली जातात, हा माझा अनुभव असल्याने ती काढली नाही. खाच कोणत्या बाजूला, असेही त्यांनी विचारले. आपले पत्र सौ.च्या पर्समध्ये होते. तेव्हा चिपवरील अक्षरे वाचता येतील अशी सरळ बसवावी, असा निर्णय मी घेतला. मी उजवीकडील सीटवर बसलो होतो. तेथून ती सरळ दिसत होती.

चावी फिरविली असता थोडा धूर आला.

गाडी सुरू होत नाही. ताराचंद यांनी हात धुतले व ते निघून गेले. जुनी चिप माझ्याकडे सुपारीच्या डबीत सुरक्षित आहे. तरी आपण कृपया दुसरी चिप माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवावी व याबाबत सौ.ला काही कळवू नये, ही विनंती.

आपला,
बबनराव

ता.क. त्या दिवशी फाटकावर फार ऊन होते, हे मलाही आठवते.


कासेल, ११ मे १९८८

ताई,

सोबत भाऊजींच्या पत्राची नक्कल जोडली आहे. त्यांनी 'गोपनीय' लिहिलं आहे. पण धूर आलेल्या गाडीशेजारी तू रोज चप्पल घालतेस, तेव्हा गुपित ठेवण्यासारखं त्यात काही उरलेलं नाही, आणि जे उरलं आहे ते धोक्याचं आहे. एकदा शहाणपण करून पाहिलं, आता पुन्हा नाही. वाचून हसू नकोस असं सांगणार नाही. ता.क. मात्र दोनदा वाच.

दुसरी चिप तुझ्या नावाने घरीच पाठवतो आहे. सुट्टी लागली असेल, पोस्टमन आला की तूच सही कर.

या वेळी एक काम वाढलं आहे. उलट्या चिपबरोबर डबाही जळला असेल तर त्यात नवी बसवून तीही जाईल. म्हणून जळलेली काढ आणि आधी जुनीच चिप परत बसव, खाचेवर खाच. सकाळी गारव्यात चावी फिरव. सुरू झाली तर डबा वाचला. मगच नवी. ती बसली की पोर्चमध्ये इंजिन चांगलं तापू दे. नंतर मोकळ्या रस्त्यावर एकटीने जा. हे सगळं नीट झालं तरच फाटकावरची परीक्षा: भर दुपारी गाडी तापवून थांबव, इंजिन बंद कर, उन्हात उभी ठेव आणि मग सुरू करून चालव. रस्त्याच्या कडेला, मागून कोणी येत नसताना. सासूबाई त्यानंतर.

इथे आम्ही खोली तापवून बघितलं आहे, आणि चालतं. पण ती खोली आहे. खऱ्या उन्हात ही चिप अजून कोणी चालवलेली नाही. म्हणून मनात भीती आहे, हे लपवत नाही. नको वाटलं तर करू नकोस. गाडी विकू.

जागेश्वर


नागपूर, ५ जून १९८८

चि. जागेश्वर,

गाडी विकायची नाही. चालते आहे. हे आधी लिहिते, कारण तू पत्र उघडतानाच घाम पुसत असशील. जर्मनीत.

आता सावकाश सांगते.

तुझं पत्र आलं तेव्हा हे ऑफिसात होते. संध्याकाळी मी ह्यांना फक्त म्हणाले, सुपारीची डबी द्या. ह्यांनी विचारलं, सुपारी खातेस? मी म्हणाले, नाही, त्यातलं दुसरं द्या. ह्यांनी खिशातून डबी काढून टेबलावर ठेवली. महिनाभर खिशात घेऊन हिंडत होते. या सगळ्या कामात ह्यांनी एकच गोष्ट तू सांगितली तशी केली, लोखंडी डबी, आणि तीही न वाचता. मी काही बोलले नाही. न बोलण्यात इतकी मजा असते हे मला सासूबाईंकडून कळलं.

पार्सल आलं त्याच दिवशी नवतपा लागला, उन्हाचे ते नऊ दिवस. म्हणजे तुझ्या परीक्षेला सूर्य स्वतः हजर.

सकाळी सुती लुगडं नेसून, बांगड्या काढून कामाला लागले. हे पोर्चच्या पायरीवर बसले. मी बॅटरीची वायर काढली. रेडिओची स्टेशनं गेली. ह्यांच्या तोंडून हुंकार निघाला, पण शब्द नाही. डबा उघडला तर आत अजून जळका वास. मेलेली चिप चिमट्याने हळूहळू उचलली. आधी जुनी बसवली, वायर जोडली, चावी फिरवली. जागेश्वर, त्या एका क्षणात मी तुझ्या जर्मनीच्या सगळ्या देवांना हाक मारली. सुरू झाली. डबा वाचला होता. मग पुन्हा वायर काढली, नंबर ताडून बघितला, सासूबाईंनाही चष्मा लावून दाखवला. या वेळी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "तोच हाय." नवी बसवली.

पोर्चमध्ये चालवली. दुसऱ्या दिवशी सकाळी एकटीच काटोल रोडवर लांब जाऊन आले. वर्षाने स्टिअरिंग धरलं होतं. पहिल्या चौकात वळताना इंडिकेटरऐवजी वायपर लावला, ते लिहायला हरकत नाही.

मग दुपारची परीक्षा. मी एकटी निघणार होते. ताक पिऊन, डोक्याला ओला रुमाल बांधून बाहेर आले तर हे उजवीकडे बसलेले. म्हणाले, एकटीनं नको जाऊ. मी सांगितलं की चिप अजून खऱ्या उन्हात कोणी चालवलेली नाही, गाडी पुन्हा बंद पडू शकते. म्हणाले, माहीत आहे, म्हणूनच. आता या माणसाचं काय करायचं सांग. वर्षभर माझा शब्द खरा मानला नाही आणि बंद पडू शकणाऱ्या गाडीत येऊन बसला.

कोराडीच्या त्याच रस्त्याला गेलो. फाटकाच्या अलीकडे मोकळी कडा बघून थांबवलं, इंजिन बंद केलं आणि बसून राहिलो. लू वाहत होती. सीट हाताला लागत नव्हती. रस्त्यावर आम्ही सोडून एक कुत्रंही नव्हतं. शेहेचाळीस अंश होतं असं दुसऱ्या दिवशी पेपरात आलं. ह्यांनी घड्याळ बघितलं नाही, रेडिओ लावला नाही. मी म्हणाले, क्लच बघून घ्या, सोडलेला आहे का ते. हे माझ्या पायांकडे बघत होते. नंतर माझ्या लक्षात आलं, टोमणा म्हणून नाही. खरंच बघत होते.

चावी फिरवली. सुरू झाली. निघालो. मागच्या वर्षी जिथे गचके लागले होते ती जागा आली. मी श्वास धरला, ह्यांनी डॅशबोर्ड धरला. जागा गेली. खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसायला लागल्या तरी इंजिन एका सुरात चाललं होतं. तुझ्या डब्याला उन्हाळा पटला, बाबा. कंपनीला कळव, आणि चाचणी कोणी घेतली तिथे माझं नाव पूर्ण लिही.

परत येताना हे एवढंच म्हणाले की गाडीत दोष होता म्हणायचा. मी म्हणाले, हो, सुधारणा झाली आता.

तुला वाटेल, संपलं. मलाही वाटलं होतं. पण रविवार यायचा होता.

गोपाळराव आले. हे त्यांना डब्याची, चिपची, जर्मनीची गोष्ट सांगू लागले. छान सांगत होते. बॅटरीची वायर काढणं किती महत्त्वाचं हे तर इतकं समजावून सांगितलं की मी दारात उभी राहून ऐकत राहिले. मग म्हणाले, मले पहिल्यापासूनच शंका होती, गाडीतच काहीतरी आहे.

मी चहाचा ट्रे घेऊन आत आले आणि विचारलं, "कोणत्या पहिल्यापासून?"

गोपाळराव माझ्याकडे बघायला लागले. मी तयार होते. वर्षभराचं सगळं ओठावर रांगेत उभं होतं. क्लच, मिटलेले डोळे, किंकाळी, एकेकाला बाहेर काढणार होते. सासूबाई पाटावर बसल्या होत्या, त्यांनीही मान वर केली.

ह्यांनी कपाला हात लावला, पण उचलला नाही. मग गोपाळरावांकडे बघून म्हणाले, "नाही गा गोपाळराव. मी चुकीचं बोलून राहिलो. मी हिलेच दोष देत होतो, तुमच्यासमोर कितीदा दिला. ही पहिल्या दिवसापासून खरं सांगून राहिली होती. मीच नाही ऐकलं."

गोपाळरावांनी चहा पिऊन टाकला, चटका बसला असेल.

आणि मी? उभी राहिले, ट्रे हातात. मग आत गेले, ओट्यापाशी गेले, आणि नळ उगाच सोडून ठेवला, म्हणजे बाहेर काही ऐकू जाऊ नये. थोड्या वेळाने हे आत आले, नळ बंद केला आणि खुंटीवरची चावी काढून माझ्या हातात दिली.

हे तुझ्यापुरतं ठेव. तुझ्या ताईला एकही टोमणा सुचला नाही, हे नागपुरात कळलं तर लोक काय म्हणतील?

यमुताई